घड्याळाचा कान : पाच जुन्या पॉकेट वॉचच्या रेग्युलेटरचा रिव्ह्यू

जुनं पॉकेट वॉच विकणारा माणूस आधी डायल दाखवतो, मग केस, मग ज्वेल, म्हणजे आतले घर्षण कमी करणारे खडे, किती ते सांगतो. मागचं झाकण उघडलंच, तर बोट ठेवतो ते कोरीवकामावर. मी आता सरळ म्हणते, बाकी राहू द्या, बॅलन्सवरची, म्हणजे आतल्या डोलणाऱ्या चाकावरची, ती बारीक दांडी कुठे टेकलीये तेवढा एक फोटो पाठवा. तो फोटो आला नाही की माझा विषय संपतो. हे शहाणपण एका वाईट खरेदीतून आलंय. तिच्याकडे येतेच.

ती दांडी म्हणजे रेग्युलेटर. घड्याळ पुढे पळतंय की मागे पडतंय हे बघून त्याचा जो कान पिळायचा, तो हा. माझ्याकडे पाच घड्याळं आहेत आणि पाचांचे कान पाच तऱ्हेचे. मी दातांची डॉक्टर. डोळ्यावर लूप्स, म्हणजे भिंगं, लावून मिलिमीटरच्या आतबाहेर काम करायची सवय असल्यामुळे सुरुवातीला वाटलं, हे आपल्याला सहज जमेल. जमलं नाही. का जमलं नाही, ते आधी सांगते, म्हणजे पुढचे गुण कशावर दिलेत ते कळेल.

बॅलन्सचं चाक डोलतं आणि त्याला परत ओढते ती हेअरस्प्रिंग. स्प्रिंगचं आतलं टोक बॅलन्सच्या दांड्याला, बाहेरचं टोक एका छोट्या खुंटीत पक्कं. त्या खुंटीच्या जरा अलीकडे रेग्युलेटरच्या दोन पिना स्प्रिंगच्या शेवटच्या वेटोळ्याला मध्ये घेऊन उभ्या असतात. स्प्रिंग खरी काम करते ती ह्या पिनांपासून आत. पिना खुंटीपासून लांब सरकवल्या की काम करणारी लांबी कमी होते, स्प्रिंग ताठ होते, घड्याळ पुढे जातं. खुंटीकडे आणल्या की मागे पडतं. यंत्र एवढंच.

गोची मापात आहे. स्प्रिंगची लांबी एक टक्क्याने बदलली तर चाल साधारण अर्ध्या टक्क्याने बदलते, म्हणजे दिवसाला सात मिनिटांहून जास्त. स्प्रिंग वीस सेंटिमीटर धरा आणि उलटा हिशोब करा : दिवसाला एक सेकंदाची दुरुस्ती हवी असेल तर पिना सरकायला हव्यात पाच मायक्रॉनच्या आसपास. दाताचा चावा तपासायला आम्ही जे पातळ फॉइल वापरतो ते आठ मायक्रॉनचं असतं. म्हणजे फॉइलच्याही आत, आणि तेही बोटाने ढकलून! दांडीचं बाहेरचं टोक लांब असतं म्हणून हातात थोडं जास्त अंतर मिळतं, पण ते दुप्पट-तिप्पट. शंभरपट नाही. लोकांनी ह्या कानावर पुढे एवढी पेटंटं का काढली, त्याचं कारण हे.

आता एकेक घड्याळ.

सगळ्यात जुनं आहे ते इंग्लिश व्हर्ज, म्हणजे चाकं अडवत-सोडत नेण्याच्या जुन्या रचनेचं, साखळी-फ्यूजीचं (साखळी गुंडाळलेल्या शंकूचं), चावीने चालणारं. त्याचा रेग्युलेटर म्हणजे एक चांदीसारखी पांढरी चकती, तिच्यावर आकडे आणि मधोमध चौकोनी टोक. ज्या चावीने घड्याळाला चावी देतात तशाच लहान चावीने चकती फिरवायची. खाली दात असलेली कमानीसारखी पट्टी असते, पिना तिच्यावर उभ्या. चकती फिरली की पट्टी सरकते. ह्याला टॉम्पियनचा रेग्युलेटर म्हणतात. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७५ मध्ये बॅलन्सला स्प्रिंग लावल्याचं जाहीर केलं आणि लगेच लंडनच्या टॉमस टॉम्पियनसारख्या कारागिरांनी ती घड्याळात आणली. स्प्रिंग आली म्हणून हा कान आला. त्याआधी काही घड्याळांत डुकराचे राठ केस उभे करून बॅलन्सचं डोलणं अडवायचे आणि ते केस पुढे-मागे सरकवून वेळ लावायचे. त्यामानाने ही चकती म्हणजे चैनच.

दिसायला पाचांत सगळ्यात देखणा रेग्युलेटर हाच. वापरायला सगळ्यात लहरी. चकतीवरचे आकडे मिनिटं नाहीत, सेकंद नाहीत, कशाचेच नाहीत. कुठल्या बाजूला फिरवल्यावर पुढे जातं हेसुद्धा माझ्या चकतीवर लिहिलेलं नाही, दोन दिवस करून बघावं लागलं. शिवाय दातांमध्ये सैलपणा आहे. डावीकडे फिरवून मग उजवीकडे वळलात की चकती आधी थोडी नुसतीच फिरते, खाली काही हलत नाही. तुम्ही खुश, की बारीकशी दुरुस्ती केली. पट्टी जागची हललेलीच नसते. मी आता नेहमी थोडं पलीकडे जाऊन एकाच दिशेने परत येते, म्हणजे सैलपणा एकाच बाजूला राहतो. पण व्हर्ज घड्याळ मुळातच दिवसाला दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे करणारं, त्यामुळे हा आटापिटा तसा फुकटच. दहात पाच. त्यातले तीन रूपाचे.

दुसरं इंग्लिश लिव्हर, म्हणजे व्हर्जच्या नंतरच्या रचनेचं. फुल प्लेटचं, बॅलन्सवर कोरीव कॉक (त्याला वरून धरणारी पट्टी) आणि त्याच्यावरून सरकणारी साधी लांब दांडी. एका टोकाला स्लो, दुसऱ्या टोकाला फास्ट, मध्ये रेघा. लिव्हरपूलच्या जोसेफ बॉस्लीने १७५५ मध्ये असल्या दांडीचं पेटंट घेतलं. दातेरी पट्टी गेली, चकती गेली, चावीही गेली. बॅलन्सच्याच केंद्राभोवती फिरणारी एक दांडी, आतल्या टोकाला पिना, बाहेरच्या टोकाला तुमचं बोट. आज मनगटावरच्या बऱ्याच यांत्रिक घड्याळांतही मूळ कल्पना हीच आहे. मला हे डिझाइन मनापासून आवडतं. त्यात लपवाछपवी नाही : दांडी हलली म्हणजे पिना हलल्याच.

तक्रार एकच, ती नुसत्या घट्टपणावर जागी राहते. घट्टपणा जास्त असला की ढकलताना आधी काहीच होत नाही आणि मग एकदम ‘टक्’ करून दोन रेघा पार. माझ्या हाताने हे झालंय. दाढेत अडकलेला फाइलचा (रूट कॅनालच्या बारीक सुईचा) तुकडा काढताना जो श्वास रोखून धरते तोच रोखून मी दांडीला लाकडी काडीने स्पर्श केला, आणि दिवसाला वीस सेकंद पुढे जाणारं घड्याळ दुसऱ्या दिवशी दीड मिनिट मागे. धातूचं टोक वापरलं नव्हतं हे नशीब. सटकून हेअरस्प्रिंगवर गेलं असतं तर रिव्ह्यू इथेच थांबला असता. दहात सात.

तिसरं सासऱ्यांचं. स्विस, कारखान्याचं नाव कुठेच नाही, डायलला केसासारखी एक चीर. हे रोज अडीच मिनिटं मागे पडायचं. मी झाकण उघडलं, दांडी बघितली, एका बाजूला ए आणि दुसऱ्या बाजूला आर. म्हटलं, आर म्हणजे रॅपिड. सरकवली आरकडे. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं मागे. म्हटलं, कमी सरकवली असेल. अजून आरकडे. सहा मिनिटं! तिसऱ्या दिवशी मी घड्याळजी काकांसमोर जाऊन म्हणाले, “काका, याची स्प्रिंग थकलीये बहुतेक.” त्यांनी डोळ्याला आयग्लास लावला, एक क्षण बघितलं आणि विचारलं, “डॉक्टर, फ्रेंच येतं का तुम्हाला?”

ए म्हणजे आव्हाँस, पुढे. आर म्हणजे रतार, उशीर. स्विस घड्याळांवर ही अक्षरं सर्रास असतात. काहींवर बाहेरच्या गिऱ्हाईकासाठी इंग्रजी एफ आणि एससुद्धा शेजारी कोरतात, ह्याच्यावर नाहीत. काकांनी दांडी मध्यावर आणली, घड्याळ उघडून साफ केलं, तेल घातलं आणि पंधरा दिवस स्वतःकडे ठेवलं. परत आलं तेव्हा ते मध्यावरच, दिवसाला दहा सेकंद पुढे. दोष रेग्युलेटरचा नव्हताच. वाळलेल्या तेलामुळे घड्याळाची चाल बिघडली होती आणि मी तिचा कान पिळत बसले होते. ह्याला दहात सात, आणि मला दोन.

काकांनी त्या दिवशी अजून एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. दोन पिनांच्या मध्ये स्प्रिंग घट्ट आवळलेली नसते. तिला अगदी किंचित मोकळीक असते. लूप्समधून बघितलं तर वेटोळं एकदा ह्या पिनेला टेकतं, एकदा त्या पिनेला, आणि मध्ये क्षणभर कुणालाच नाही. पूर्ण चावी दिलेली असताना बॅलन्स जोरात डोलतो, त्यामुळे स्प्रिंग जास्तीत जास्त वेळ कुठल्या ना कुठल्या पिनेला टेकून असते. चावी उतरत आली की डोलणं लहान होतं, वेटोळं फटीतच झुलत राहतं, पिनांची जणू दखलच घेत नाही. म्हणजे कामाची लांबी वाढली, घड्याळ मागे पडायला लागलं. फट जेवढी मोठी तेवढा हा फरक मोठा. सकाळी बरोबर आणि रात्री मागे अशी तक्रार ज्या घड्याळाची असते, त्याची दांडी कितीही सरकवा, तक्रार जाणार नाही. दांडी चोवीस तासांची सरासरी हलवते, दिवसभरातली चढउतार नाही. म्हणून वेळ लावताना रोज एकाच वेळी पूर्ण चावी द्यायची आणि चावी देण्याच्या आधीच फरक मोजायचा. मी सकाळी क्लिनिक उघडण्याआधी मोजते आणि एका जुन्या अपॉइंटमेंट डायरीत लिहून ठेवते.

चौथं हॅमिल्टन ९९२. अमेरिकन रेल्वेचं घड्याळ, १६ साइज, २१ ज्वेल. हे मॉडेल १९०३ मध्ये आलं. ह्याच्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी रेल्वेबद्दल दोन ओळी लिहाव्या लागतील. १८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, असं त्याचं कारण सांगितलं जातं. त्यानंतर क्लीव्हलंडच्या वेब बॉल ह्या जवाहिऱ्याला घड्याळं तपासायच्या कामावर नेमलं आणि हळूहळू रेल्वेच्या घड्याळाचे नियम घट्ट झाले : आठवड्याला ३० सेकंदांच्या आत चूक, कमीत कमी १७ ज्वेल, पाच स्थितींत जुळवलेलं, आणि रेग्युलेटर मायक्रोमेट्रिक. म्हणजे बोटाने ढकलायची दांडी बाद.

हॅमिल्टनवर काय आहे, तर दांडीच्या एका बाजूला बारीक आट्यांचा स्क्रू आणि दुसऱ्या बाजूने तिला स्क्रूवर दाबून ठेवणारी हंसाच्या मानेसारखी वळलेली स्प्रिंग. स्क्रू आत घातला तर दांडी पुढे जाते, बाहेर काढला तर स्प्रिंग तिला मागे आणते. दांडी कायम दाबाखाली, त्यामुळे चकतीतला तो सैलपणा नाही आणि ‘टक्’ करून उडी मारणंही नाही. माझ्या घड्याळात स्क्रू पाव फेरा फिरवला की चाल दिवसाला साधारण पाच सेकंदांनी बदलते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीवर मागे रेलून हसले होते. मायक्रॉनांतलं काम पाव फेऱ्यात! हात तोच, माझाच. फरक फक्त आट्यांचा.

ह्या एका कल्पनेवर अमेरिकेत प्रत्येक कारखान्याने आपापला अवतार काढला, कारण दुसऱ्याच्या पेटंटला हात लावायचा नव्हता आणि जाहिरातीत ‘आमचा पेटंट रेग्युलेटर’ म्हणायचं होतं. जॉर्ज रीडची चाबकासारखी लांब स्प्रिंग हॉवर्डच्या घड्याळांत दिसते. वॉल्थमची १८९९ आणि १९०८ ही दोन मॉडेलं शेजारी ठेवलीत तर मुख्य फरक रेग्युलेटरचाच आहे, आधी चर्च नावाच्या माणसाचा, मग ओल्सनचा. काही घड्याळांत तारेसारखं दातेरी चाक असतं, ते सुईच्या टोकाने एकेक दात पुढे न्यायचं. जाणकार माणूस कारखान्याचं नाव झाकलं तरी नुसत्या रेग्युलेटरवरून घड्याळ ओळखतो, म्हणतात. मी अजून त्या पंक्तीत नाही.

पण इथे एक सांगायलाच हवं, कारण विकणारे ह्याचा गैरफायदा घेतात. मायक्रोमेट्रिक रेग्युलेटर असला म्हणून घड्याळ अचूक होत नाही. तो फक्त तुमचा हात अचूक करतो. डायल वर करून ठेवल्यावर दहा सेकंद पुढे आणि उभं टांगल्यावर पाच सेकंद मागे असं जर घड्याळ असेल, तर तो हेअरस्प्रिंगच्या आकाराचा आणि बॅलन्सच्या तोलाचा प्रश्न आहे, तिथे स्क्रू काय करणार? मी त्यावर देशी तोडगा काढलाय : दिवसभर खिशात उभं, रात्री टेबलावर आडवं. दिवसाचं देणं रात्री फिटतं. दहात नऊ. एक गुण कापला कारण त्या सुंदर स्क्रूची खाच आधीच्या कुणीतरी मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने चेपून ठेवलीये.

आता ती वाईट खरेदी. पाचवं घड्याळ, तेही अमेरिकन, तारेच्या चाकाचं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘उत्तम चालतं, वेळ बरोबर दाखवतं’. फोटोत मशीनही होतं, पण कॉकवर नेमकी दिव्याची चमक. घरी आलं, उघडलं, दांडी एसच्या टोकाला, पार भिंतीला टेकलेली. आणि तरीही घड्याळ दिवसाला सहा मिनिटं पुढे. मागे आणायला जागाच शिल्लक नाही.

एवढं पुढे पळणारं घड्याळ बघितलं की पहिला संशय चुंबकाचा. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की तिची लांबी आपोआप कमी होते. होकायंत्राजवळ धरलं, सुई हलली नाही. दुसरा संशय, स्प्रिंगला तेल लागलंय, त्यानेही वेटोळी चिकटतात. लूप्समधून बघितलं, कोरडी ठणठणीत. तिसरा, कुठे आपटून एखादं वेटोळं पिनेवर नाही तर खुंटीवर चढलंय. तेही नाही. मग काकांकडे.

काकांनी खुंटीकडचं टोक दाखवलं. एरवी तिथे स्प्रिंगची थोडीशी शेपटी बाहेर उरलेली असते, वेळप्रसंगी लांबी सोडायला. इथे शेपटी नव्हती आणि टोक कापल्यासारखं सरळ. आधीच्या कुणीतरी स्प्रिंग वाकवली असणार, वाकलेला भाग कापला आणि उरलेली पुन्हा खुंटीत ठोकली. दांडी एसच्या भिंतीला टेकलेली असूनही सहा मिनिटांचा फरक. हिशोब केला तर दोन मिलिमीटरही नाही. कापलेली स्प्रिंग परत वाढत नाही, त्यामुळे काकांनी दुसऱ्या बाजूने इलाज केला : बॅलन्सच्या कडेच्या समोरासमोरच्या स्क्रूंखाली कागदाहून पातळ पितळी वॉशर घातले. चाक जड झालं, डोलणं मंदावलं, आणि दांडी भिंतीपासून सुटून मध्याजवळ आली. विकणाऱ्याला मी लिहिलं. उत्तर आलं की, “मॅडम, एवढ्या जुन्या वस्तूत थोडं पुढे-मागे चालायचंच.” पैसे परत मिळाले नाहीत.

ह्या घड्याळाच्या रेग्युलेटरला वेगळे गुण देत नाही. त्याने बिचाऱ्याने काही लपवलं नव्हतं. टोकाला टेकून उभा राहून तो जमेल तेवढं ओरडून सांगत होता. विकत घेताना दांडी मध्याच्या आसपास दिसली तर पुढचं बोला. एसला टेकलेली असेल तर कापलेली स्प्रिंग, चुंबक किंवा तेल. एफला टेकलेली असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्याच दुखण्यामुळे मागे पडणाऱ्या घड्याळाला कुणीतरी दामटून पुढे काढलंय, माझ्यासारखं. आणि दांडीच नसेल तर घाबरू नका. समुद्रावरच्या क्रोनोमीटरसारखी काही उंची घड्याळं मुद्दाम रेग्युलेटर न ठेवता बनवतात, वेळ बॅलन्सवरच्या स्क्रूंनी लावतात आणि पिनांच्या त्या फटीची कटकटच ठेवत नाहीत. असल्या घड्याळाला घरी हात लावायचा नाही. मीही लावणार नाही, लूप्स असले तरी.

परवा हॅमिल्टन आठवड्याच्या शेवटी चौदा सेकंद मागे होतं. स्क्रू-ड्रायव्हर उचलला होता, परत ठेवला. त्या आठवड्यात दोन रात्री ते खिशातच राहिलं होतं.